चौदा मिलिलिटर वायूपैकी हायड्रोजन किती? कोबॅलॉक्झिमचा एक प्रयोग आणि विदर्भातला एप्रिल

तालुक्याच्या गावातलं विज्ञान महाविद्यालय. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प, विषय हायड्रोजन तयार करणाऱ्या विकरांची नक्कल करणारा कोबाल्टचा धातुसंकुल उत्प्रेरक, कोबॅलॉक्झिम. सकाळी ९ वाजता उत्प्रेरकाच्या द्रावणाच्या बाटलीवर हिरवा एलईडी लावला, दुपारी २ वाजता वायूच्या ब्युरेटमधलं पाणी १४ मिलिलिटरने खाली गेलं होतं. "सर, पाणी खाली जाऊन राहिलं," असं मुलांनी आनंदाने सांगितलं आणि वहीत "हायड्रोजन १४ मिलि" अशी नोंद झाली. दिवा बंद केला, मांडणी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्युरेट ४ मिलि दाखवत होतं.

दहा मिलिलिटर वायू रातोरात गेला कुठे? पहिला संशय गळतीवर आला. बूच बदललं, जोडांना ग्रीस लावलं, नळी बदलली. तरी पुढचे दोन दिवस तोच प्रकार, दुपारी चौदा मिलिच्या आसपास आणि पहाटे चार मिलि. गळती इतकी नेमाने ठरावीक आकड्यावर येऊन थांबत नाही. इथे गळती नव्हतीच. ते दहा मिलिलिटर हायड्रोजनचे कधी नव्हते.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की ही चूक प्रयोगातल्या आळसामुळे झालेली नाही. युरोप-अमेरिकेतल्या शोधनिबंधांतली कृती २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असते, आणि खोलीचं तापमान हा तिचा न लिहिलेला घटक असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये तोच घटक सगळ्यात मोठा होऊन बसतो.

हा उत्प्रेरक का निवडला

जिवाणूंमधल्या हायड्रोजनेज या विकराला हे नाव मार्जोरी स्टीफन्सन आणि लिओनार्ड स्टिकलँड यांनी १९३१ मध्ये दिलं. हे विकर दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन जोडून हायड्रोजनचा रेणू करतं, आणि उलट दिशेने तो तोडतंही. त्याचे तीन प्रकार आहेत. एकात निकेल आणि लोह असतं, दुसऱ्यात लोहाचे दोन अणू, तिसऱ्यात एकच लोह. निकेल-लोह प्रकाराची स्फटिकरचना १९९५ मध्ये आणि दोन लोहांच्या प्रकाराची १९९८ मध्ये समोर आली, तेव्हा सगळ्यांना चकित करणारी गोष्ट दिसली. लोहाला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड जोडलेले होते. ज्यांना आपण विष म्हणतो तेच लिगंड, म्हणजे धातूला जोडले जाणारे गट, निसर्गाने लोहाला कामाला लावण्यासाठी वापरले आहेत. दोन लोहांच्या प्रकारात दोन गंधकांना जोडणाऱ्या पुलाच्या मधोमध एक अमीन गट असतो. धातूच्या अगदी शेजारी बसून तो प्रोटॉनची ने-आण करतो.

या रचनेची हुबेहूब नक्कल करायची तर लोहाचे कार्बोनिल (कार्बन मोनॉक्साइड जोडलेली लोहाची संयुगं) लागतात. ते विषारी असतात, बाहेर कार्बन मोनॉक्साइड सोडतात, आणि साध्या धूरकपाटाच्या भरवशावर ते हाताळणं योग्य नाही. अमीनची कल्पना उचलून अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत डुबॉइस यांच्या गटाने निकेलचं एक संकुल केलं. त्याचा वेग सेकंदाला एक लाख रेणूंच्या वर गेल्याचं त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. पण त्यासाठी लागणारे फॉस्फिन लिगंड हवेपासून जपत बनवावे लागतात.

कोबॅलॉक्झिम ही त्या मानाने गरिबाघरची वाट आहे, आणि चांगली वाट आहे. निसर्गातल्या हायड्रोजनेजमध्ये कोबाल्ट नसतो, त्यामुळे ही नक्कल रूपाची नसून कामाची आहे. श्राउझर यांनी १९६० च्या दशकात ही संकुलं बी-१२ जीवनसत्त्वाची प्रतिकृती म्हणून अभ्यासली होती. त्यातला लिगंड म्हणजे आपल्या ओळखीचं डायमिथाइलग्लायॉक्झिम, निकेलचा लाल चोथा पाडून वजन काढण्याच्या प्रयोगातलं डीएमजी. चुगायेव यांनी १९०५ मध्ये निकेलसाठी सुचवलेलं हे अभिकर्मक बी.एस्सी. शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटात सापडतं. शिवाय २००९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या आयझेनबर्ग यांच्या गटाने दाखवलं, की कोबॅलॉक्झिम, इओसिन वाय हा रंग आणि इलेक्ट्रॉन पुरवणारं ट्रायइथेनॉलअमीन एवढ्यावर दृश्य प्रकाशात हायड्रोजन मिळतो. विद्युतदाब नेमका धरणारा पोटेन्शिओस्टॅट लागत नाही, प्लॅटिनम लागत नाही. इओसिन तर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रोज वापरतात.

संकुल तयार करताना

कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेट १.० ग्रॅम आणि डीएमजी १.१ ग्रॅम हे ४० मिलि ९५ टक्के इथेनॉलमध्ये घेऊन पाण्याच्या बाथवर ७० अंशांपर्यंत तापवायचं. बहुतेक सगळं विरघळतं. मग पिरिडीन ०.७ मिलि. यातलं निम्मं कोबाल्टला जोडलं जातं, निम्मं सुटणारं आम्ल धरून ठेवतं. म्हणून पिरिडीनमध्ये कंजुषी करू नये. द्रावण थंड करून त्यातून अर्धा तास हवा सोडायची आणि तासभर स्थिर ठेवायचं. तपकिरी स्फटिक खाली बसतात. गाळून थोड्या ऊर्ध्वपातित पाण्याने, मग इथेनॉलने, शेवटी ईथरने धुवायचे. पूर्ण उतारा १.७ ग्रॅम येईल असं गणित सांगतं, हातात त्याहून कमीच येतं.

हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप पुरतो. नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा मात्र हवाच, नाहीतर उन्हाळ्यातली धूळ थेट द्रावणात उतरते. हवा कमी पडली तर कोबाल्ट दुसऱ्या ऑक्सिडीकरण अवस्थेतच राहतो, द्रावण गडद दिसतं आणि स्फटिक जेमतेम येतात. ते टाकून देऊ नये, अजून अर्धा तास हवा सोडावी. स्फटिकांत लाल कण चमकताना दिसले तर ते निकेलचे आहेत. साध्या प्रतीच्या कोबाल्ट क्लोराइडमध्ये निकेलचा अंश असतो आणि डीएमजी त्याला सोडत नाही. अशा वेळी चांगल्या प्रतीचं क्लोराइड घेऊन कृती पुन्हा करणंच बरं.

पाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बोअरचं पाणी कुठेच वापरायचं नाही, धुण्यालासुद्धा नाही. ते जड असतं, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत त्यात फ्लोराइडही असतं. पिण्याच्या आरओचं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी नव्हे.

शुद्धता एनएमआरवर तपासता येते. ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये २.४ पीपीएमच्या आसपास बारा हायड्रोजनांची एकच रेघ दिसते, म्हणजे चारही मिथाइल गट सारखे. पिरिडीनच्या रेघा ७.२ ते ८.३ च्या दरम्यान येतात. नमुना बाहेर पाठवून अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून प्रयोग सुरू करण्याआधीच पाठवावा.

प्रकाशाची बाटली

सगळ्यात जास्त चुका वजनात होतात. एका बाटलीला इओसिन फक्त १.१ मिलिग्रॅम आणि संकुल ३.२ मिलिग्रॅम लागतं. महाविद्यालयाच्या तराजूवर एवढं वजन भरवशाने होत नाही. म्हणून इओसिन वाय (डायसोडियम क्षार) २७.७ मिलिग्रॅम १०० मिलि पाण्यात, आणि संकुल १६.१ मिलिग्रॅम ५० मिलि ॲसिटोनायट्राइलमध्ये, अशी दोन साठा द्रावणं करायची. पहिल्यातून ४ मिलि घेतलं की १.६ मायक्रोमोल इओसिन मिळतं, दुसऱ्यातून १० मिलि घेतलं की ८ मायक्रोमोल कोबाल्ट. संकुलाचं द्रावण त्याच दिवशी करावं आणि अंधारात ठेवावं.

पाण्याचा भाग आधी वेगळा करायचा. ट्रायइथेनॉलअमीन २ मिलि थोड्या पाण्यात घेऊन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७ वर आणायचा. सुमारे १.१ मिलि आम्ल लागतं, द्रावण तापतं, ते निवल्यावरच पीएच पुन्हा बघायचा. मग इओसिनचं द्रावण घालून पाण्याने एकूण २० मिलि करायचं. त्यात संकुलाचं १० मिलि द्रावण, साधं ॲसिटोनायट्राइल १० मिलि आणि मोकळं डीएमजी १० मिलिग्रॅम. पीएच ७ च का? खाली गेलं की अमीनवर प्रोटॉन बसतो आणि ते इलेक्ट्रॉन द्यायला तयार नसतं. वर गेलं की प्रोटॉनच कमी पडतात. मोकळं डीएमजी घालायचं कारण असं, की कोबाल्ट दुसऱ्या अवस्थेत आला की त्याचे लिगंड सैल होतात आणि सुटून जातात. भोवती जास्तीचं डीएमजी असेल तर जागा पुन्हा भरते.

आत घडतं ते असं. इओसिन ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं, अमीनकडून आलेला इलेक्ट्रॉन कोबाल्टकडे पोचवतं. कोबाल्ट तिसऱ्या अवस्थेतून दुसऱ्या आणि मग पहिल्या अवस्थेत उतरतो. पहिल्या अवस्थेतला कोबाल्ट प्रोटॉन उचलून हायड्राइड होतो, आणि हायड्राइडवर दुसरा प्रोटॉन आला की हायड्रोजन सुटतो.

प्राणवायू आत राहिला तर तो इओसिनची उत्तेजित अवस्था विझवतो आणि आलेले इलेक्ट्रॉन स्वतःच खातो. याची खूण ब्युरेटवर दिसते. पहिल्या तासात वायू वाढण्याऐवजी कमी होतो, पाणी वर चढतं. असं दिसलं की नायट्रोजन पुरेसा सोडला नव्हता असं खुशाल समजावं. सिलिंडर नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे कॅन असतात, रीतसर विनंती केली तर त्यातून थोडा मिळू शकतो. कॅनचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही, आत दाब वाढून तो फुटतो. सैल बुचातून नळी काढून वायू घ्यायचा, दोन-तीन मीटर वेटोळ्याच्या नळीतून पाण्यात बुडवून कोमट करायचा. मग तसल्याच पाणी-ॲसिटोनायट्राइल मिश्रणाच्या बाटलीतून बुडबुडे काढत २० मिनिटं द्रावणात सोडायचा. मधली बाटली टाळली तर नायट्रोजन जाताना आपल्या द्रावणातलं ॲसिटोनायट्राइलच उडवून नेतो.

चौदा मिलिलिटरचा हिशोब

बाटलीत द्रावण ४० मिलि आणि वर मोकळी जागा ६० मिलि होती. ही जागा बाटली पाण्याने काठोकाठ भरून मोजावी. १०० मिलि छापलेल्या बाटलीत बरंच जास्त मावतं. सकाळी खोली ३१ अंशांवर होती, दुपारी २ ला ४१ वर. ६० मिलि वायू दहा अंशांनी तापला की नुसत्या प्रसरणाने २ मिलि वाढतो. इतकं बहुतेकांच्या लक्षात येतं. लक्षात येत नाही ती बाष्पाची गोष्ट.

शुद्ध ॲसिटोनायट्राइलचा बाष्पदाब ३१ अंशांवर सुमारे १५ किलोपास्कल, ४१ वर साडेतेवीस. पाण्याचा साडेचारवरून पावणेआठवर जातो. निम्मे-निम्मे मिश्रणात दोघांचा एकत्र दाब अंदाजे साडेचौदावरून तेवीसवर चढतो. आपल्याकडे हवेचा दाब ९७ किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे सकाळी मोकळ्या जागेत नायट्रोजनचा वाटा साडेब्याऐंशी किलोपास्कल होता, दुपारी तो चौऱ्याहत्तरच्या आसपास उरला. नायट्रोजन तेवढाच, दाब कमी, तापमान जास्त. ६० मिलि जागा सुमारे ६९ मिलि मागते. काहीही न घडता ९ मिलि "वायू" तयार होतो.

या बाटलीत काहीतरी घडलं होतं हेही खरं. सकाळच्या तापमानाला मोजलेला ४ मिलि वायू टिकून होता, आणि तोही दुपारी त्याच प्रमाणात फुगून ९ च्या वर ५ मिलि दाखवत होता. म्हणून १४. पहाटे खोली थंड झाली, बाष्प परत द्रावणात गेलं, खरे ४ उरले.

त्या चारातूनही बाष्पाचा साधारण पंधरा टक्के वाटा वजा केला की कोरडा हायड्रोजन ३.४ मिलि. ३१ अंश आणि ९७ किलोपास्कलला एक मोल वायूला २६ लिटर जागा लागते, म्हणजे ०.१३ मिलिमोल. इओसिनच्या हिशोबाने टर्नओव्हर, म्हणजे एका रेणूमागे मिळालेले हायड्रोजनचे रेणू, ८० च्या आसपास, कोबाल्टच्या हिशोबाने १६. वहीत मात्र १४ मिलिला २४ लिटरने भागून इओसिनमागे ३६५ लिहिलं गेलं होतं. साडेचारपट जास्त. शिवाय टर्नओव्हर कशामागे काढला हे लिहिलं नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. रॉचेस्टरच्या गटाचा ९०० हा आकडा इओसिनमागचा आहे, त्याच्याशी कोबाल्टमागचा १६ ठेवून निराश होण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती

उपाय खर्चिक नाही. दोन बाटल्या करायच्या, दुसरीत कोबाल्ट सोडून सगळं घालायचं, डीएमजीसुद्धा. ही तुलनेची कोरी बाटली. दोन्ही एकाच घमेल्यातल्या पाण्यात, एकाच दिव्यापासून सारख्या अंतरावर ठेवायच्या. घमेल्यातलं पाणी माठातलं. कोरड्या उन्हाळ्यात ओलं गोणपाट गुंडाळलेलं मातीचं भांडं बाहेरच्या तापमानाच्या बरंच खाली पाणी ठेवतं, आणि विदर्भाचा एप्रिल या कामाला फार चांगला आहे. तासातासाने थोडं पाणी बदलून बाथ एका अंशाच्या आत धरता येतो. वाचन दिवा बंद करून वीस मिनिटांनी, बाथ सुरुवातीच्या तापमानाला आला की मगच घ्यायचं. सुरुवात आणि शेवट एकाच तापमानाला असेल तर बाष्पाचं अर्धं गणित आपोआप गळून जातं. कोरी बाटली उरलेला हवेच्या दाबातला दिवसभराचा चढउतार दाखवते, तो वजा करायचा. हॅलोजन दिवा घ्यायचा नाही, तो बाटलीच शिजवतो.

कोऱ्या बाटलीच्या बाबतीत एक फसगत जपावी. कोबाल्ट क्लोराइड आणि डीएमजी घातलेली बाटली "कोरी" नसते, त्या दोघांतून द्रावणातच कोबॅलॉक्झिम बनतं आणि हायड्रोजन येतो. नुसतं कोबाल्ट क्लोराइड, डीएमजी न घालता, ही वेगळी आणि उपयोगी तुलना आहे. तिसरी बाटली ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवावी.

लोडशेडिंगमुळे "पाच तास प्रकाश" ही नोंद बऱ्याचदा खोटी ठरते. दिव्याच्या त्याच वायरवर एक आवर मीटर लावला की खरा वेळ कळतो.

तापमान सावरल्यावर पुढचे प्रश्न दिसू लागतात. दोन-तीन तासांनी वायू थांबला तर काय मेलं हे रंगावरून अर्धं कळतं. केशरी-गुलाबी द्रावण पिवळट हिरवं होत गेलं म्हणजे इओसिनचे ब्रोमिन सुटत आहेत, रंग संपतो आहे. इओसिनच्या ४ मिलि द्रावणातून आधी नायट्रोजनचे बुडबुडे काढून मग ते आत घालावं. वायू पुन्हा सुरू झाला तर रंगच मेला होता. नाही झाला तर संकुल घालून बघावं. कोबॅलॉक्झिमचा लिगंड स्वतःच हायड्रोजन घेऊन बिघडू शकतो, तेव्हा मोकळ्या डीएमजीनेही फार फरक पडत नाही.

वायू हायड्रोजनच आहे याची खात्री जळत्या काडीने करू नये. ॲसिटोनायट्राइलचं बाष्पही पेटतं, त्यामुळे "फट्" आवाज पुरावा ठरत नाही, आणि धोका मात्र खरा असतो. वायू आधी पाण्यातून धुवावा, ॲसिटोनायट्राइल पाण्यात पूर्ण मिसळतं. नमुना राखाडी ब्युटाइल रबराचं बूच असलेल्या इंजेक्शनच्या छोट्या काचबाटलीत घ्यावा, बाटली उलटी ठेवून बुचावर आत थोडं पाणी राहू द्यावं. सिलिकॉनच्या नळीतून आणि बुचातून हायड्रोजन सहज निसटतो. प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये नमुना नागपूर किंवा अमरावतीपर्यंत नेला तर तिथे पोचेपर्यंत काय उरेल याची हमी नाही. वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ मागताना उष्मावाहकता शोधक आणि वाहक वायू आर्गॉन असं स्पष्ट सांगावं. हेलियमची उष्मावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की थोडा हायड्रोजन त्यात दिसतच नाही.

उरलेलं द्रावण नाल्यात ओतायचं नाही. ॲसिटोनायट्राइल शरीरात गेल्यावर काही तासांनी सायनाइड तयार होतं, त्रास उशिरा जाणवतो, म्हणून बंद आणि तापलेल्या खोलीत हे द्रावण उघडं ठेवू नये. सगळं एका झाकणाच्या कॅनमध्ये चिठ्ठी लावून साठवावं आणि घातक कचरा केंद्रात द्यावं, विदर्भासाठी ते बुटीबोरीला आहे.

गावातले पालक विचारतात, यातून गॅस मिळेल का? त्यांना स्पष्ट उत्तर द्यावं. ०.१३ मिलिमोल हायड्रोजन जाळून ३७ जूल मिळतात, आणि नऊ वॅटचा दिवा पाच तासांत एक लाख बासष्ट हजार जूल खातो. वर हायड्रोजनच्या एका रेणूमागे ट्रायइथेनॉलअमीनचा एक रेणू कायमचा खर्च होतो. ही बाटली इंधनासाठी नाही. स्वस्त धातू प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन कसे जुळवतो आणि किती वेळ तग धरतो, एवढंच तिच्यात मोजायचं आहे, आणि ते नीट मोजता येतं.

त्या प्रकल्पाच्या वहीत १४ वर एक रेघ मारून शेजारी ३.४ लिहिलं गेलं, तापमान आणि दाबासकट. पुढचं पान तीन बाटल्यांसाठी आखलेलं आहे, पीएच ६, ७ आणि ८, प्रत्येकीसोबत तिची कोरी जोडीदार. घमेलं मोठं लागेल.